गद्र्यांची गोगलगाय

प्राध्यापक आमोद गद्र्यांना अमर व्हायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी गोगलगाय निवडली. मांजरी गावातल्या उसात त्यांना एक पट्टेदार गोगलगाय सापडली. नव्या जातीला स्वतःचंच नाव देणं शास्त्रज्ञांत निर्लज्जपणाचं मानतात. म्हणून त्यांनी सहकारी उल्का बिवलकरांना गळ घातली, "नाव तुम्ही ठेवा. माझं."

"आधी जुने नमुने तर बघा," उल्काताई म्हणाल्या.

एवढा धीर गद्र्यांना कुठला? त्यांनी हाताखाली संशोधन करणाऱ्या तनयाकडून तिच्याच नावाने शोधनिबंध लिहवून घेतला, गोगलगायीचं 'गद्रेई' असं बारसं उरकलं आणि हडपसरच्या आपल्या सोसायटीत स्वतःचा सत्कारही घडवून आणला. शालही स्वतःच पसंत केली.

पुढे उल्काताईंनी संग्रहालयातले नमुने ताडून पाहिले. याच गोगलगायीला शतकापूर्वी कुणीतरी नाव देऊन ठेवलं होतं, आणि नियमाप्रमाणे पहिलंच नाव टिकतं.

"मग माझ्या नावाचं काय?" गद्र्यांनी विचारलं.

"राहील की! बाद झालेल्या नावांत."

गद्रे काही दिवस कॉलेजात फिरकलेच नाहीत. सध्या ते विंचवांच्या मागे लागलेत.