पार्किंगमधले विद्वान आणि माझ्या गाडीचं गिअर ऑइल

आमची गाडी ऑटोमॅटिक आहे याचं कारण माझा डावा घोटा. स्कूटरवरून पडून तो मोडला, आत प्लेट बसली, आणि तेव्हापासून क्लच दाबायचा म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. म्हणून बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्याची जुनी गाडी आम्ही घेतली. तेव्हाच ती लाखभर किलोमीटर चाललेली होती. चालवते मी. टोकरखाड्याच्या घरून शाळा, शाळेतून बाजार, मे महिन्यात रत्नागिरीकडे माहेर. आमच्या यांना खडोलीच्या कारखान्यात न्यायला-आणायला कंपनीची बस आहे. तरी गाडीबद्दलचे निर्णय यांचे. असं कोणी ठरवलं नव्हतं. ठरवायची कोणाला गरजच वाटली नव्हती.

हे धाग्याच्या कंपनीत मेंटेनन्स बघतात. तिथल्या प्रत्येक गिअरबॉक्सला एक कार्ड लटकवलेलं असतं. तेल कधी बदललं, पुढे कधी बदलायचं. तारीख उलटली तर हे अख्ख्या शिफ्टला फैलावर घेतात. वेळच्या वेळी देखभाल ठेवल्याबद्दल कंपनीने यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांना श्रीखंड-पुरी जेवू घातली होती. आणि हाच माणूस स्वतःच्या गाडीबद्दल म्हणायचा, "ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल लाइफटाइम असतं गं. त्याला हात लावायचा नसतो."

हे ज्ञान त्यांना पार्किंगमध्ये मिळालं होतं. आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी तीन-चार पुरुष कोणाच्या तरी गाडीचं बॉनेट उघडून उभे राहतात. हात मागे बांधलेले, चेहरे गंभीर. एक बँकेतला, एक प्लास्टिकच्या मालाचा व्यापारी, एक निवृत्त तलाठी, आणि आमचे हे. त्यांतल्या एकालाही मी कधी पाना हातात धरताना पाहिलं नाही. बॉनेट उघडायचं, आत बघायचं, गुजरातीत "बराबर छे" म्हणायचं, बंद करायचं आणि चहाला जायचं.

एका हिवाळ्यात गाडी धक्के द्यायला लागली. सकाळी थंड असताना दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना कोणीतरी मागून मानेवर चापट मारावी तसं व्हायचं. मी यांना सांगितलं.

"तू ॲक्सिलरेटर एकदम दाबतेस," हे म्हणाले.

रविवारी पार्किंगमध्ये विषय निघाला, तर तलाठीबुवा माझ्याकडे बघून हसले. "लेडीज ड्रायव्हिंग, दुसरं काय!"

मी विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांना घर्षण शिकवते, उष्णता शिकवते. मी वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली: केव्हा धक्का बसला, गाडी थंड होती की गरम, रस्ता चढाचा की सपाट. डॅशबोर्डच्या खणातलं गाडीचं पुस्तक काढून वाचलं. खराब रस्ते, उष्ण हवा, थांबत-थांबत चालवणं असेल तर गिअर ऑइल ठरावीक अंतराला बदलावं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ते पान मी यांच्यापुढे धरलं. यांनी चष्मा न लावताच ते परत केलं. "ते परदेशातल्या लोकांसाठी असतं."

खराब रस्ते आणि उष्ण हवा परदेशातल्या लोकांसाठी! मी पुस्तक परत खणात ठेवून दिलं. तसं ठेवून दिल्याची मला आजही चीड येते.

खेरडीच्या रस्त्याला एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. धुळ्याकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून ते मला बाई म्हणतात. ब्रेक बघायच्या निमित्ताने मी गाडी त्यांच्याकडे नेली आणि वही पुढे केली. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. मग गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली, आत उतरून खालचा एक बोल्ट सैल केला आणि तेलाचे चार थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन माझ्यासमोर धरले. तेल लालसर असायला हवं होतं. ते डांबरासारखं होतं, आणि करपलेल्या फोडणीचा वास येत होता.

"हे तर लाइफटाइम असतं म्हणतात ना?" मी विचारलं.

"लाइफटाइम म्हणजे कोनाची लाइफ, बाई? वारंटी संपली का कंपनीवाल्यायची लाइफ संपली."

मग त्यांनी समजावून सांगितलं. खालून बोल्ट उघडला की निम्म्याहून कमी तेल बाहेर येतं. तेवढंच नवं भरायचं, गाडी महिनाभर चालवायची, पुन्हा काढायचं, पुन्हा भरायचं. असं तीनदा. "इतक्या चाललेल्या गाडीले मशीन लावून एकदम धुवायचं नाही. जुना गाळ सुटतो नं फिल्टरमधे जाऊन बसतो. आनि बाई, मी ग्यारंटी देत नाही. हे आधीच व्हायले पाहिजे व्हतं."

पार्किंगमधल्या चौघांनी मिळून जेवढं खरं सांगितलं नसेल तेवढं या माणसाने पाच मिनिटांत सांगितलं. मी घरी येऊन सगळं यांना सांगितलं आणि तिथेच चूक केली.

"रस्त्यावरचा मिस्त्री!" हे म्हणाले. "म्हणे तीनदा! गिऱ्हाईक तीनदा यावं म्हणून सांगतात हे लोक." पण तेल काळं आहे हे आता नाकारता येत नव्हतं. मग पार्किंगची बैठक बसली. ज्या तेलाला हात लावायचा नव्हता ते आता ताबडतोब आणि संपूर्ण बदलायचं ठरलं. व्यापाऱ्याच्या ओळखीचं वापीच्या रस्त्याला मोठं वर्कशॉप होतं, काचेचं, एसी असलेलं, तिथे मशीन होतं. "आपलं काम एका तासात," हे म्हणाले. मी किल्ली दिली. कोणी हिसकावली नाही. माझ्या हाताने दिली.

आठ दिवस गाडी लोण्यासारखी चालली. पार्किंगमध्ये यांनी तिच्या बॉनेटवर थापा मारल्या. नवव्या दिवशी शनिवार होता, खानवेलला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं आणि यांना सुट्टी होती म्हणून हे शेजारी बसून आले. चढावर इंजिनाचा आवाज वाढला, काटा वर गेला आणि गाडी मात्र मंदावत मंदावत उभी राहिली. मी पाय दाबत होते, इंजिन ओरडत होतं, चाकं ढिम्म.

"न्यूट्रलमध्ये टाकलीस तू," हे म्हणाले.

मी लिव्हरकडे बोट दाखवलं. ते डीवर, म्हणजे ड्राइव्हवरच होतं. मग यांनी एकेका विद्वानाला फोन लावले. बँकेतल्याने बॅटरी बघायला सांगितली. व्यापाऱ्याने वर्कशॉपचा नंबर दिला. वर्कशॉपवाला म्हणाला, "गाडी बहुत चली हुई है साहब, गिअरबॉक्स ही बदलना पड़ेगा." तलाठीबुवांनी फोन उचलला नाही, चौघांत तेच शहाणे ठरले.

तोवर यांनी एक टेम्पो थांबवला होता आणि गाडी ओढून न्यायला दोरी बांधायला सुरुवात केली होती. मी बाजूला जाऊन मिस्त्रींना फोन केला आणि काय चाललंय ते सांगितलं.

"दोरी नका लावू, बाई!" ते जवळजवळ ओरडलेच. "चाकं फिरली तं आतलं उरलंसुरलं बी जाईन. मी गाडी उचलायचा ट्रक घेऊन येतो."

मी जाऊन दोरीची गाठ सोडली. हे बघत राहिले. टेम्पोवाला हसून निघून गेला.

मिस्त्रींनी गिअरबॉक्सच्या खालची परात उतरवली. तळातल्या चुंबकांवर करड्या चिखलासारखी लोखंडाची भुकटी साचली होती आणि फिल्टर गाळाने तुंबला होता. त्यांनी परात धुतली, फिल्टर नवा घातला, तेल भरलं. पुढच्या दोन महिन्यांत आणखी दोनदा बदललं. गाडी चालू झाली, पण पूर्वीसारखी नाही. आतल्या प्लेटा थोड्या जळाल्या होत्या. रिव्हर्स टाकला की ती क्षणभर विचार करते, मग मागे सरकते. चढावर मी तिला घाई करत नाही.

दुसऱ्यांदा तेल बदललं त्यानंतरच्या रविवारी मी जिन्यात भाजीची पिशवी घेऊन उभी होते आणि खालून यांचा आवाज येत होता. "जुन्या गाडीला मशीन कधी लावायचं नाही. टप्प्याटप्प्यानेच करावं लागतं. आम्ही तसंच केलं." बँकेतला मान डोलावत होता. मी खाली उतरले नाही, वरही गेले नाही. मला राग आला नव्हता. इतकी वर्षं मी या माणसाच्या मताला घाबरत होते, याची फक्त किळस आली.

त्या दिवसापासून किल्ली माझ्या पर्समध्ये असते. तेल कधी, फिल्टर कधी, कूलंट कधी, हे मी ठरवते. विचारत नाही, सांगतही नाही.

तिसऱ्या वेळी तेल बदलायला निघाले तेव्हा हे न बोलावता सोबत आले. स्टुलावर बसून मिस्त्रींचं काम बघत राहिले. मग सवयीने बोललेच, "आमच्या कंपनीत पण असंच करतो आम्ही. तारीख लिहून. चुकवत नाही."

मिस्त्री खड्ड्यातून वर आले, हात पुसले. "हा मंग भाऊ," ते अगदी अदबीने म्हणाले, "तुमाले तं सगळं माहीतच व्हतं."

हे मोबाइल काढून बघायला लागले. मिस्त्री पुन्हा खाली उतरले आणि मी वहीत मीटरचा आकडा लिहून घेतला. घरी येताना यांनी काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. मला त्यांची दया येईल असं वाटलं होतं. आली नाही.