चांदीच्या काट्यावर तूर आणि उडीद

"आधी वजन, मग बात."

हे वाक्य म्हणायच्या आधी काका काट्याच्या ताटलीवर एक फुंकर मारायचे, करंगळीच्या नखानं ती टिक् करून वाजवायचे आणि मगच समोरच्याकडे बघायचे. समोर गिऱ्हाईक असो की नुसताच गप्पा मारायला आलेला रिकामटेकडा, फुंकर आणि टिक् चुकायचं नाही.

हे वाक्य फक्त सोन्यापुरतं असतं तर मी कशाला लिहायला बसले असते? पण काकांकडे जगातली प्रत्येक गोष्ट आधी काट्यावर चढायची. गल्लीत कुणी कुजबुजत आलं, "काका, ऐकलं का, त्या अमक्याच्या पोरीनं म्हणे..." की काका हात वर करायचे. "तू बघितलं? न्हाई ना? मग फुकाचं हाय ते." सांगणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. मी एकदा सहज म्हटलं, "आज फार ऊन आहे हो काका," तर म्हणाले, "पारा बघून बोलून राहिलात, का असंच?"

लातूरच्या सराफ गल्लीत काकांचं दुकान खाली आणि माझं घर वरच्या मजल्यावर. मी शाळेत शिकवते म्हणून ते मला बाई म्हणायचे. घरात मी आणि माझी लेक, दोघीच. लेक पुण्याला नोकरीला गेली आणि एका सुट्टीत परत आली ती हातात पिंजरा घेऊन. आत दोन उंदीर! एक पिवळसर, एक काळीभोर, दोघी माद्या. नावं काय तर तूर आणि उडीद.

"आई, नव्या घरमालकिणीला चालत नाहीत. तीनच महिने सांभाळ ना."

मी कपाळावर हात मारून घेतला. जिन्यात काकांनी पिंजरा पाहिला आणि ते तिथंच थांबले. "बाई, सारं गाव पिंजरा लावतंय उंदीर घराबाहेर काढाया. अन् तुम्ही पिंजऱ्यात घालून सांभाळून राहिलात?"

मलाही आधी किळस यायची, खोटं कशाला बोलू? पण जीव लागतो हो. तूर मटारचा दाणा दोन्ही हातांत धरून असा खायची, की शाळेतल्या पोरांना डबा खायला तिच्याकडून शिकवावं. मी पेपर तपासायला बसले की उडीद माझ्या बाहीत शिरून झोपायची. महिन्याभरात मी शाळेतून आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी पिंजऱ्यापाशी जायला लागले.

आणि मग तूर खाजवायला लागली. आधी वाटलं, अंग साफ करत असेल, त्यांना ती सवय असतेच. पण हिचं थांबेना. मागच्या पायानं कानामागं, मानेवर, नुसतं खरखर खरखर. बघता बघता मानेवर खपल्या धरल्या, केस विरळ झाले, एके ठिकाणी रक्तही दिसलं. तिचं बघून की काय, उडीदही खाजवायला लागली. रोज लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा. मी फोन असा तिरपा धरायची की खपल्या दिसू नयेत. पोरीनं विश्वासानं सोपवलेले दोन जीव, त्यांना काही झालं तर तिला काय तोंड दाखवू, एवढं एकच डोक्यात घोळायचं.

सल्ले तर काय, फुकटच असतात. एकीनं सांगितलं, खोबरेलात कापूर घालून चोळ. एकीनं सांगितलं, नेऊन सोडून दे. अशात माझा भाऊ अर्धापूरहून केळी घेऊन आला. त्याच्याकडं म्हशी आहेत. त्यानं तूरकडं बघितलं आणि पुढच्या खेपेला एक बाटली आणून दिली. "ताई, गोचिडाचं औषध हाय. आमच्या म्हशीला एका धुण्यात फरक पडतोय. कापसाच्या बोळ्यानं लाव, बास."

मला देव भेटल्यासारखं झालं. पण लावायला दोन माणसं हवीत, एक धरायला, एक पुसायला. दुपारी दुकानात गर्दी नसते म्हणून पिंजरा आणि बाटली घेऊन मी खाली उतरले. "काका, जरा हिला धरता का?"

काकांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली. "किती लावायचं?"

"भाऊ म्हणाला, बोळ्यानं पुसायचं."

"म्हैस केवढी, ही केवढी! हिचं वजन किती?"

"काका, उंदराचं कुणी वजन करतं का?"

फुंकर. टिक्. "आधी वजन, मग बात."

काचेच्या पेटीतल्या सोनं तोलायच्या काट्याची ताटली त्यांनी नजरेनं मापली आणि मान हलवली. "ह्यात मावणार न्हाई. चांदीच्या काट्यावर घेऊ." मग बिस्किटाचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवून काटा शून्यावर आणला, आणि मी तूरला डब्यात सोडलं. ती लगेच कडेवर चढून मिशा हलवत गल्ली बघायला लागली. आकडे वर-खाली नाचायला लागले.

"अगं बाई, जरा दम धर की!" काका ओरडले. मी दचकले. मग कळलं, हे तूरला होतं.

त्यांनी खिशातनं एक शेंगदाणा काढला, त्याचं आधी वेगळं वजन केलं, मग डब्यात टाकला. तूर खाली उतरून खात बसली. शेंगदाण्याचं वजन वजा करून काका म्हणाले, "चोवीस तोळे." दहा ग्रॅमचा तोळा, म्हणजे दोनशे चाळीस ग्रॅम. उडीद भरली एकतीस तोळे. काकांच्या कपाळाला आठी पडली. "दोघी एकाच घरच्या, एकाच ताटातल्या. मग ही एवढी कशी उतरली?"

मी रोज हातात घेत होते तिला. माझ्या लक्षात नाही आलं.

मग त्यांनी दागिने मांडायची काळी मखमल पसरली, तूरला तिच्यावर धरायला सांगितलं आणि दागिने झाडायच्या मऊ ब्रशनं तिची पाठ हलकेच झाडली. मखमलीवर पांढरे कण पडले.

"कोंडा झालाय वाटतं," मी म्हटलं.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं. त्या भिंगाला हात लावायची गल्लीत कुणाची टाप नव्हती. ते वाकले, आणि वाकलेलेच राहिले. "बाई, कोंडा चालतो का?"

"म्हणजे?"

"हा चालून राहिलाय."

असं म्हणून ते एकदम मागे सरकले, मखमल चिमटीत धरून बाहेर फेकली आणि कोपरापर्यंत साबणानं हात धुतले. पुढचा सगळा वेळ तेच आपले दंड खाजवत होते. पण त्यांनी एक केलं. ती बाटली उचलली, गल्ल्याशेजारच्या खणात टाकली आणि किल्ली फिरवली. "ही आता इथंच ऱ्हाईल. जनावरांच्या डॉक्टरकडं जावा. वजनं ध्यानात हायेत ना? चोवीस अन् एकतीस."

डॉक्टर म्हणजे उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकून आलेली तरणी पोर. तिनं चिकटपट्टी तूरच्या पाठीला लावून काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. "खाज म्हणजे दर वेळी पिसवा-गोचिडच असतात असं नाही हं. कधी बुरशी असते, कधी खाणंच बाधतं. पण इथं बारीक किडेच आहेत, माइट्स." मग तिनं विचारलं, "वजनं अंदाजे किती असतील?" मी ग्रॅममध्ये सांगितली तेव्हा तिनं मान वर केली. "करून आणलीत? लोक हातानं दाखवतात, एवढा एवढा म्हणून."

त्या वजनावरून तिनं मानेच्या मागे, जिथं जीभ पोचत नाही तिथं, मोजून इवलासा थेंब टाकला. दोघींना एकदमच, कारण एकीला झालं की दुसरीला असतंच. किड्यांची अंडी त्यानं मरत नाहीत म्हणून दोन आठवड्यांनी परत यायचं. मागच्या पायांची नखं तिनं टोकापुरती कापली. पिंजरा कढत पाण्यानं धुवायचा, आणि त्यात मी घालत होते तो लाकडाचा भुसा आधी फेकायचा, त्याऐवजी साध्या कागदाच्या पट्ट्या. भुशाचं पोतं मी जिन्याखाली ठेवलं होतं आणि तिथं गल्लीतले गावठी उंदीर लोळायचे. रोग तिथून आला असणार.

निघताना मी भावाच्या बाटलीबद्दल बोलले. तिनं नाव विचारलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "ते बादलीभर पाण्यात झाकणभर घालतात हो. तसंच लावलं असतं तर दोघींनी चाटून घेतलं असतं. संध्याकाळ दिसली नसती त्यांना."

रिक्षात बसले. पिंजरा मांडीवर गच्च धरला. एक फुंकर आणि एक टिक्, एवढ्यानं माझ्या दोन पोरी वाचल्या होत्या.

काकांना जाऊन सांगितलं, "तुम्ही नसता तर..." तर म्हणाले, "मी काय केलं? काट्यानं केलं." मी म्हटलं, "ते राहू द्या, थँक्यू तरी घ्या." त्यावर लाजून त्यांनी उगाच काटा पुसायला घेतला.

डॉक्टरनं दर आठवड्याला वजन करायला सांगितलं होतं. आजार आधी वजनात दिसतो म्हणे. मग आमचा शनिवार ठरला. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी पिंजरा घेऊन खाली. एकदा लग्नाची खरेदी चालली होती आणि नवरीच्या आत्याबाई किंचाळून खुर्चीवर पाय घेऊन बसल्या. काका शांतपणे म्हणाले, "भिऊ नका, नेहमीचं गिऱ्हाईक हाय. ह्यांचं आटपू द्या." तेवढ्यात नवरीच्या आजीनं गणपतीचं वाहन म्हणून हात जोडले, आणि खरेदी बिनबोभाट पार पडली.

खपल्या पडल्या, केस आले, तूर चोवीसवरून अठ्ठावीसवर गेली. काकांनी सगळ्या गल्लीला ऐकवलं, "चार तोळे वाढली! आजच्या भावात चार तोळे म्हणजे चेष्टा हाय का?" पुढं आकडा कधी अर्धा तोळा वर जायचा, कधी खाली. खाली गेला की मी घाबरायची. काका म्हणायचे, "जित्या जिवाचं वजन हलणारच बाई. हलायचं थांबलं की मग घाबरायचं."

तीन महिने संपले, लेक न्यायला आली. मी म्हटलं, "तू जा. या राहू देत." ती रिकाम्या हातानंच पुण्याला परतली.

असाच एक शनिवार. काका तूरला डब्यात ठेवत होते आणि माझी नजर त्यांच्या अंगठीवर गेली. अंगठीला आतून पांढरा दोरा गुंडाळलेला. जन्मभर लोकांच्या अंगठ्या कमी-जास्त करून देणारा माणूस, आणि स्वतःच्या अंगठीला दोरा?

"काका, हे काय?"

"ढिली झालीय जरा. वयच झालं."

सदऱ्याची कॉलरही मानेभोवती सैल होती. मी रोज बघत होते त्यांना. तूरसारखंच, लक्षात नव्हतं आलं. मी ताटलीवर फुंकर मारली, टिक् वाजवलं आणि म्हटलं, "आधी वजन, मग बात."

"ओ बाई, मोडीत काढून राहिलात का मला?" पण मी शाळेतला आवाज काढला. शेजारच्या भांड्यांच्या दुकानात मोठा काटा आहे, तिथं त्यांना उभं केलं. बावन्न किलो. काका आकड्याकडं बघत राहिले. "मी पासष्टचा होतो की," ते हळूच म्हणाले.

त्याच दिवशी मी त्यांच्या मुलाला हैदराबादला फोन लावला. तो येऊन त्यांना घेऊन गेला. पोटात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. वेळेत आणलंत, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मुलानं मग त्यांना परत एकटं राहू दिलं नाही. दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच. मी स्वयंपाकघरात एक वजनकाटा आणला, आणि दर शनिवारी दुपारी काकांचा फोन यायला लागला.

"डाळींचं काय म्हणणं?"

मी आकडे सांगायची. मग ते स्वतःचा सांगायचे. "त्रेपन्न. एक किलो वर हाय." कधी साडेबावन्न, कधी चोपन्न. दुसरं फारसं बोलणं नसायचं आमचं. तेवढ्यानं माझा आठवडा बरा जायचा.

उंदरांचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. या हिवाळ्यात तूर गेली. झोपेतच, उडीदच्या कुशीत. त्या शनिवारी काकांनी विचारलं आणि माझ्या तोंडातून आधीच्या वेळचाच आकडा गेला, "सत्तावीस." पुढच्या शनिवारीही, "सत्तावीस."

या वेळी काकांनी स्वतःचं वजन सांगितलं नाही.

"बाई, तूर गेली ना?"

"हो काका. झोपेतच."

"शेवटी खाजवत होती का?"

"नाही हो काका. अंग अगदी मऊ होतं."

"मग चांगलं झालं," ते म्हणाले. "लई चांगलं सांभाळलंत."

त्यानंतर दोनेक महिने गेले. एका शनिवारी काका म्हणाले, "मी एक्कावन्न." आवाज जरा खोल वाटला. पुढच्या शनिवारी मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"एक्कावन्न," काका म्हणाले.

मला कळलं, आकडा हलला नव्हता. मला कळलंय हे त्यांनाही कळलं असणार, कारण शिकवलेलं त्यांचंच. पण मी विचारलं नाही. मी म्हटलं, "छान. खात जा नीट." ते म्हणाले, "हाव. अन् उडीदला एक शेंगदाणा माझ्याकडून. वजन झाल्यावर."

तिसऱ्या शनिवारी त्याच वेळेला फोन आला, पण बोलत होता काकांचा मुलगा. काका कसे गेले ते सगळं सांगून झाल्यावर तो जरा अडखळला. "बाबांच्या फोनमधे तुमचं नाव 'डाळवाल्या बाई' असं आहे. मला इतके दिवस वाटायचं, किराणा दुकान असेल." मी रडता रडता हसले, आणि त्याला तूर-उडीदची सगळी गोष्ट सांगितली.

माझ्या दोन पोरींना त्या माणसानं त्यांच्या वाट्याचं सगळं आयुष्य मिळवून दिलं. मला बघायला शिकवलं. हे त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तर त्यांनी पुन्हा काटा पुसायला घेतला असता, म्हणून इथं म्हणते.

उडीद आता म्हातारी झालीय, मिशा पांढऱ्या झाल्यात. शनिवारी दुपारी मी काट्यावर फुंकर मारते, टिक् वाजवते, तिला डब्यात ठेवते. गेल्या वेळी तीस तोळे होती, आज साडेतीस. हलतंय अजून. शेंगदाणा दिला.