फंडाची सूट आणि सुटलेली आगबोट

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे मुद्दाम लावतोय.

आज सकाळी रेवसच्या धक्क्यावर आगबोटीची वाट बघत इन्कमटॅक्सचा फॉर्म चाळत होतो. शेजारी हसनचाचा होते, मुंबईच्या पेढीवर जन्मभर कारकुनी केलेले.

"नाना, हातात पडतो तेवढाच पगार लिवलाय?"

"मग? प्रॉव्हिडंट फंडाला कापलेला हातात कुठे येतो?"

"पण तुमचाच हाय ना! अख्खा पगार लिवा, फंडाची सूट खाली वेगळी मागा. न्हायतर लपवला म्हणतील."

त्यांनी एकेक रकाना दुरुस्त करून घेतला. तेवढ्यात आम्हा दोघांची बोट सुटली. मी ओशाळलो.

चाचा हसले. "नोकरीत असताना मी ती सूट कधी मागितलीच न्हाय. तवा सांगणारं कोणी न्हवतं."

गावात आणखी कुणाचा फंड कापतात? फॉर्म घेऊन या. माझी बोट चुकली तरी चालेल.