देठाकडचं तिखट

मिरचीचं तिखट देठाजोळ असते, शेंड्याले नसते. हे मले कोनी सांगतलं नाही. माह्या सासूच्या तोंडानं शिकवलं.

आमचं गाव भातकुलीच्या अंगाले, खारपानाच्या मुलखात. विहिरीचं पानी तोंडात धरवत नाही असं. मी लग्न होऊन आली तवा मायनं पदराले एक पुरचुंडी बांधून देल्ली होती. केळमिरचीचं बी. ही मिरची तुमी पाह्यली नसन. बोटाहून लांब, पिवळट, कोवळ्या केळासारखी वाकडी, अन् तिखट म्हनाल त नावाले नाही. भाजीच म्हना. मायनं एकच गोष्ट बजावली, "पोरी, हिले तिखट मिरचीच्या शेजारी कधी लावू नको. संगतीनं बिघडते थे."

म्या घरामागं आठ हात जागेत ती लावली. तळ्यावरून गोडं पानी डोक्यावर आनून घातलं. घरची तिखट लवंगी दूर वावराच्या धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, होती. अशी तीन सालं सुखाची गेली.

मंग कापसाचं पिसं लागलं. समुद्राच्या पल्याड गोऱ्या लोकाईची आपसात लढाई जुंपली म्हनत, अन् तिच्यापायी आमच्या कापसाले सोन्याचा भाव. मामंजीनं, म्हंजे माह्या सासऱ्यानं, ज्वारीचं वावर मोडलं, धुरे मोडले, जितं बोट शिरन तितं सरकी टोबली. गावचे माळीही कापूस पेरून बसले. घरात चांदीचे तोडे आले, पन बाजारात वांगं दिसेना. ज्वारी नाही त कडबा नाही, कडबा नाही त म्हैस विकली. धुऱ्यावरची लवंगी मामंजीनं माह्या परसात आनून लावली.

म्या म्हटलं, "मामंजी, ह्या दोघी शेजारी नोको."

थे हासले. "कावून, सवती आहेत का? एका सालानं काय होते?"

त्या साली काहीच झालं नाही. केळमिरच्या गोडच लागल्या. म्या त्याईचंच बी धरून ठेवलं. चूक तितं झाली. बिघाड फळात दिसत नाही, बियात उतरते, हे मले माईत नव्हतं.

दुसऱ्या साली पोळ्याच्या सुमाराले आत्याबाईले, म्हंजे सासूले, ताप भरला. ताप उतरला पन तोंड आलं थे गेलंच नाही. जीभ, गाल, सगळं सोललेलं. वैद्यबुवा म्हने, "तिखटाचा कन नको. पन पोटात अन्न गेलं पायजे, नाही त बाई दिवाळी पाह्यत नाही."

आता आमची आत्याबाई वऱ्हाडातली. म्या मऊ भात पुढं ठेवला, तिनं ताट सरकवलं. "हे काय मेलेल्याचं खानं आनलं वं? बिनमिरचीचं गुरं खातात."

म्हनून केळमिरची. अख्खी, देठासकट, जवसाच्या तेलात परतायची, वरून मीठ. आत्याबाई देठाले धरून उचले, चावे, अन् खरी तिखट खाल्ल्यासारखा सुस्कारा टाके. त्या सुस्काऱ्यावर अर्धी भाकर पोटात जाये. तेच तिचं अन्न. दुसऱ्या कशाले हात लावेना.

अन् एक दिवस म्या सहज एक कच्ची मिरची दातात धरली, त कानापावतर आग गेली.

झाडं आठ होती. तीन उघड तिखट निघाली, ती तवाच उपटली. राह्यलेल्या पाचाचा भरवसा नव्हता. एकाच झाडाची आज गोड, परवा पानी कमी पडलं की चरचर. सांगावं कोनाले? घरधनी कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीले, नाही त अकोल्याले. मामंजी म्हनले असते, उपट सगळं अन् सरकी लाव.

मंग मी दर मिरचीचा शेंडा चावून पाह्याले लागली. कनभर. गोड लागली त तव्यावर, नाही त चुलीत. तुमाले वाटन, यात काय एवढं? पन आमच्या घरात सासूच्या आदी सुनेनं चाखायचं नाही. अन् दात लागला म्हंजे उष्टं. उष्टं मोठ्या मानसाले चारनं, थे बी आजाऱ्याले, यापरीस मोठं पाप नव्हतं. कळलं असतं त मले माहेरी धाडलं असतं. तिखटाचं भेव अन् उष्ट्याचं भेव, दोन्ही घेऊन मी रोज तव्याजोळ बसे.

कापूस फुटला. सीतादहीचा दिवस आला. पयल्या वेचणीच्या आदी वावरात दहीभात शिंपडून पूजा करतात, मंगच बाया ओटीत कापूस घेतात. पूजेले घरची मोठी बाई पायजे. आत्याबाई ऐकेना. बंडीत बसून आली, अंगावर हाडं तेवढी. पूजा तिनंच केली. मंग सगळ्या बाया जेवाले बसल्या, अन् म्या तिच्या भाकरीवर मिरची ठेवली. शेंडा चाखलेला होता, गोड.

बायाईत बसली म्हनून तिले हुरूप आला होता. शेंड्याकडून खात खात देठापावतर गेली, अन् तोंड उघडंच राह्यलं. ओरडली नाही, रडली नाही. डोयातून पानी, ओठातून लाळ, लाळेत रगत. म्या उरलेलं दही तिच्या तोंडात घातलं. बाया उठून उभ्या राह्यल्या.

शेजारीन म्हने, "अवो माय, सुनेनं काय चारलं वं?"

दम खाऊन आत्याबाई बोलली, सगळ्याईच्या देखत. "मले जाळून मारून राह्यली हे. म्हैस त विकली, आता माही पाळी."

म्या तिचं तोंड पुसाले पदर पुढं केला, तिनं मान फिरवली.

तीन दिवस तिनं माह्या हातचं पानी घेतलं नाही. मामंजी भाकर कुस्करून पुढं ठेवत, ती भिताडाकडे तोंड करे.

"खाय न वो. दोन घास."

"तुमीच खा. तुमची सरकी शिजवा अन् खा."

मामंजी कुस्करलेली भाकर घेऊन तिथंच बसून राह्यले. तिचा हात आता गोधडीवर ठेवला की तसाच पडून राहे.

चवथ्या दिवशी सक्काळी मी परसात गेली. पाचही झाडाईची एकेक मिरची तोडली अन् उभ्यानं अख्खी खाल्ली, शेंड्यापासून देठापावतर. तवा समजलं. शेंडा गोड, मधात गोड, अन् देठाजोळ, जितं बी चिकटून असते, तितं इस्तू, जसा निखारा. मी चाखत होती थे चुकीच्या टोकाले.

मंग नव्या तोडल्या. दोन देठाकडून चावून पाह्यल्या. गोड निघाल्या, पन देठ गेला, बोडक्या झाल्या. बोडकी मिरची पाहून आत्याबाईले शंका येईन, म्हनून तिसरी देठासकट परतली अन् ताटाच्या कडेले ठेवली. नुसती दाखवाले. ती चाखली नव्हती. म्हटलं, जेवाच्या आदी उचलून घेईन.

ताट पुढं ठेवलं. आत्याबाई उठून बसली, तेवढंच लय झालं. वास आला असन. तिचा हात नेमका देठाच्या मिरचीकडे गेला.

म्या तिचा हात धरला. घट्ट.

"सोड."

"ते नोको, आत्याबाई. ह्या दोन खा."

"ह्या बोडक्या? ह्याईचा देठ कुठं गेला? उंदरानं नेला का?"

"म्या खाल्ला."

"तू खाल्ला!"

"चावून पाह्यला. तिखट आहे का थे. रोज पाहतो. आदी शेंडा पाहे, तितं फसली."

"म्हंजे उष्टं. रोज उष्टं चारलं तू मले."

"हो."

ती माह्या तोंडाकडे पाहत राह्यली. माहे ओठ सुजून फाटले होते, थे मले त्या वेळी आठवलं. ओसरीवर मामंजी खोकलले. ती त्याईले हाक मारन, असं वाटलं.

तिनं देठाची मिरची उचलली अन् माह्यापुढं धरली.

"हे राह्यली न मंग?"

म्या घेतली. तिच्या देखत देठाकडून चावली. आग. डोये भरून आले. म्या ती ताटाबाहेर ठेवली. आत्याबाईनं त्या मिरचीकडे पाह्यलं, मंग बोडकीतली एक उचलली, भाकरीत गुंडाळली अन् खाल्ली. सावकाश. दुसरीही खाल्ली. अर्धी भाकर गेली.

"बुढ्याले सांगू नको," म्हने.

त्या दिवसापासून मी तिच्यापुढं बसून चाखे. ती वाट पाहे. म्या मान हालवली की हात पुढं करे. एखादी तिखट निघाली अन् मी पान्याकडे धावली की म्हने, "पाह्य न, कशी नाचते." दिवाळी तिनं पाह्यली.

एक दिवस मामंजीनं इचारलं, "सूनबाईचे ओठ कावून सुजले वो?"

"तिले तिखट सोसत नाही," आत्याबाई बोलली. "अन् थे तुमची लवंगी काढा परसातून."

मामंजीनं त्याच दिवशी उपटली. बी निवळाले, पुन्हा सगळं गोड व्हाले, पुढं तीन सालं लागली. तवर माहे ओठ तसेच होते.