उईकेचा अर्ध्या तासाचा सवाल

आमची कंपनी बर्फातल्या चौकीवर गेली तेव्हा मी हवालदार होतो, नोकरीला सोळा वर्षं झालेली. चौकीचं नाव सांगत नाही, सांगायचं नसतं. उंची एवढी, की बुटाची लेस बांधली तरी धाप लागायची. आमच्या मेन पोस्टच्या सहाशे मीटर वर एक छोटी चौकी होती. तिथे दोन जवान, पंधरा पंधरा दिवसांची ड्युटी. खालून वर टेलिफोनची एक काळी तार टाकलेली. तारेच्या खालच्या टोकाला मी बसायचो.

गावाकडे, पवनारच्या बसस्टॉपवर लोक अजून विचारतात, "हवालदार साहेब, किती दुश्मन मारले?" एकही नाही. सहा महिन्यांत दुश्मन दुर्बिणीतून चारदा दिसला, तोही आमच्यासारखाच बर्फ उपसत होता. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. पडू द्या.

त्या उंचीवर माणूस बिघडायला लागला की आधी जीभ जड होते. म्हणून नियम असा, की दर अर्ध्या तासाने वरच्या जवानाने फोनवर एक ते वीस मोजायचं. मोजताना अडखळला, की त्याला तात्काळ खाली आणायचं. याला आम्ही लाईन चेक म्हणायचो.

त्या पाळीला वर होता लान्स नायक सोमा उईके. वय एकोणतीस, जातीने गोंड, आमच्याच वर्धा जिल्ह्याचा. जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, धाम नदी जिथे डोंगरातून निघते, तिथलं त्याचं गाव. माझं गाव खाली, पवनारच्या बाजूला, त्याच नदीवर. आमच्या कंपनीत आला त्या दिवशीच मला म्हणाला, "उस्ताद, आमी आंघोळ केलेलं पाणी पेऊन तुमी हवालदार झाले."

"तरीच डोकं जरा कमी हाय माहं," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी लाईन चेकला तो मोजेना.

"उस्ताद, वीस तं मी झोपीतबी मोजतो. डोकं चालू हाय का नाई, ते मोजून समजत नाई. सवाल इचारा."

"हा फोन सरकारी हाय बे, पानठेला नाई!" मी खेकसलो. माझा स्वभावच तसा. बायको म्हणते, तुमच्या नाकावर माशी बसली तरी तिचं कोर्टमार्शल. पण उईकेचं म्हणणं खरं होतं. एका चेकला सवाल, पुढच्या चेकला उत्तर, असं ठरलं. मधला अर्धा तास विचार करायला.

मी पहिला सवाल काय विचारावा? वर्ध्याहून आर्वीची पहिली एसटी कितीला. त्याने बरोबर सांगितलं आणि मग त्याने विचारलं, "माणूस मेला का जाते कुठं?"

मी साथीदारांना खांदा दिलेला माणूस. पण हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. अर्धा तास डोकं खाजवून मी म्हणालो, "वर."

"आपण तं वरच हाओ उस्ताद. इथं कोणी दिसून नाई राह्यलं."

हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी त्याला विचारलं, तुमच्यात काय म्हणतात.

"आमच्या घरी नदीवर जातात. पाण्यात उभं राहून मेलेल्याचं नाव घेऊन हाक मारतात. मंग टोपली फिरवतात. जे जितं सापडते, मासोळी म्हना, खेकडा म्हना, ते घरी आणतात. आपला माणूस घरी आला, म्हणतात."

"आन काईच नाई सापडलं तं?"

"पुन्हा हाक मारतात. सापडेपर्यंत."

मी रिसीव्हर ठेवला आणि बंकरच्या दारात आलो. बाहेर ऊन पडलं होतं आणि समोरचं शिखर असं उजळलं होतं, की त्याच्याकडे पाहताना मला आपसूक टोपी काढावीशी वाटली. सोळा वर्षं मी डोंगर चढलो होतो. पाहिला त्या दिवशी.

पुढचे आठ दिवस असेच गेले. देव पाह्यते तं बोलत काऊन नाई? झाड मेलं हे झाडाले समजते का? आपण इथं नसतो, तं हे एवढं चांदणं कोणासाठी पडलं असतं? बऱ्याच सवालांना मी "मालूम नाई" म्हणायचो आणि उईके म्हणायचा, "लिहून ठेवा, हेबी उत्तरच हाय." मी घड्याळाकडे पाहत अर्धा तास संपायची वाट बघायला लागलो. आतापर्यंत मी फक्त सुट्टीची तेवढी वाट पाहिली होती.

बाराव्या दिवशी सकाळी आठला वरच्या दुसऱ्या जवानाला ताप भरला. मी त्याला खाली बोलावलं. वर एकट्याला ठेवायचं नाही, हा नियम. बदली जवान दहाला निघणार होता.

साडेनऊला लाईन चेक.

"उस्ताद, खरं सांगजा. तुमी भेता का?"

बंकरमध्ये पाच जण बसलेले. फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला आणि एक जण फिसकन हसला. माझा पारा चढला.

"हवालदार भेत नसते. लाईन ठेव."

दहाला मी फोन फिरवला. उईकेने सवाल विचारला नाही. एक ते वीस मोजले, एकही आकडा न चुकता, आणि फोन ठेवला. ते वीस आकडे मला आजही टोचतात.

दहाला वारा उठला. बदली जवान कमरेला दोर बांधून तयार होता. मी त्याला थांबवलं, हवा निवळली की जा म्हणालो. उईकेला खाली ये, असंही मी म्हणालो नाही. चौकी रिकामी राहील म्हणून. ती ऑर्डर माझी. कोर्टात नाही, कागदावर नाही, पण माझीच.

अकरा दहाला बर्फाचा कडा सुटला. आवाज आधी पायांना कळला, मग कानांना. धूर बसला तेव्हा वरची चौकी जागेवर नव्हती. नुसता पांढरा उतार.

अकरा पंचवीसला फोन वाजला.

बंकरमधला एकही माणूस हलला नाही. सहाशे मीटर तार, वर अख्खा डोंगर येऊन पडलेला, आणि घंटी वाजत होती. मी रिसीव्हर उचलला.

"उस्ताद, अंधार हाय. छत बसलं. पाय निघून नाई राह्यले."

"श्वास?"

"हाय थोडा."

आमच्या कंपनीच्या मेजर साहेबांनी आठ जण फावडी देऊन पाठवले. हुकूम एकच, तार हातात धरा आणि तिच्या मागे खणत जा. मीही फावडं उचललं. साहेब म्हणाले, "आप फोन पर रहेंगे. उसको सोने मत देना."

मी बसलो.

"उईके, सकाळचा सवाल."

"कोणता?"

"भेतो का म्हणून. भेतो बे. लय भेतो. पहिल्या दिवसापासून भेतो. आत्ता तं असा भेऊन राह्यलो का तू बोलायचा थांबशीन."

बंकरमध्ये तेच पाच जण होते. या वेळी कोणी हसलं नाही.

मग तो म्हणाला, "मंग ठीक हाय. मले वाटलं, मी एकटाच हाओ."

आम्ही तीन तास बोललो. त्याच्या आईच्या हातची अंबाडीची भाजी, केळझरच्या गणपतीला सायकलवर गेला ते, लग्न पक्कं होता होता मोडलं ते. त्याची जीभ जड होत गेली. दोन वीसला तो म्हणाला, "उस्ताद, तिकडं नदीवर हाक मारली, तं इथं ऐकू येईन का?"

तो जागा राहावा म्हणून मी नियमावर बोट ठेवलं. "अर्ध्या तासानं सांगतो. पुढच्या चेकले."

"बरं," तो म्हणाला. त्यानंतर मी हाका मारत राहिलो, तारेवर नुसती खरखर.

दोन पन्नासला मी फोन फिरवला. फिरवतच राहिलो. तीन पंधराला उचलला, तो खणणाऱ्या जवानाने.

"उस्ताद, मिल गया."

उईके गेला होता. रिसीव्हर उईकेच्या कानालाच होता, असं त्या जवानाने नंतर सांगितलं.

शवपेटी घेऊन मी त्याच्या गावी आलो. सलामी झाली. पलटणीची सोबतची माणसं परतली, मी रजा टाकून थांबलो. घरच्यांनी ठरवलेल्या दिवशी सगळे धामच्या काठी गेले. त्याचे वडील गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी हाक मारली. "सोमाऽऽ!" टोपली फिरवली. खडे, पालापाचोळा. पुन्हा हाक, पुन्हा खडे. पाचदा झालं. म्हाताऱ्याचा आवाज बसला.

मी बाजूला उभा होतो. आपलं काम नव्हतं ते. म्हातारा माझ्याकडे वळला.

"हवालदार साहेब, तुमी मारा. शेवटी त्याच्या कानात तुमचाच आवाज होता."

मी बूट काढले, पाण्यात उतरलो. त्याला सोमा म्हणून मी कधी हाक मारलीच नव्हती. मला एकच हाक येत होती.

"उईके, लाईन चेक!"

आणि मग माझा बांध फुटला. "ऐकू येते का रे? उत्तर द्याचं राह्यलं माहं. उशीर झाला बे मले."

म्हाताऱ्याने टोपली उचलली. पाणी गळून गेलं आणि तळाला बोटाएवढी एक मासोळी तडफडत होती, चांदीसारखी.

म्हाताऱ्याने तिला अलगद पाण्याच्या लोट्यात सोडलं आणि लोटा छातीशी धरून घराकडे चालायला लागला. वाटेत तो लोट्याशी बोलत होता. "चाल बापू, आलं घर." मी अनवाणी मागे चाललो.

नदी आहे, मासोळी सापडणारच, असं शहाणी माणसं मला सांगतात. सांगोत. डोंगराखालून घंटी वाजलेली मी या कानांनी ऐकली आहे. काय शक्य आहे आणि काय नाही, यावर मी आता कोणाशी वाद घालत नाही.

निवृत्त होऊन गावी आलो, त्याला सहा वर्षं झाली. सकाळी साडेपाचला नदीवर जातो. त्याच्या गावावरून आलेलं पाणी माझ्या पायांशी असतं. खाली वाकून मी ओंजळ भरतो. आमी आंघोळ केलेलं पाणी तुमी पेता, म्हणायचा तो.

पेतो रे उईके. रोज पेतो.