कांडीच्या जिभेखालचा दोरा

तिसऱ्या दिवशी कांडीनं पाणीही ओकलं, तेव्हा जॉबर म्हणाला, "पोत्यात घाल अन् तापीच्या राजघाटावर सोडून ये. खात्यात घाण नको."

कांडी ही आमच्या खात्यातली मांजर. वय सहा-सात महिने. तिची आई यंत्राच्या पट्ट्यात सापडून मेली, तेव्हा कांडीचे डोळेही उघडले नव्हते. मी तिला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं होतं. आमच्या खात्याला लागून सुताला लावायच्या कांजीच्या पिठाचं गोडाऊन होतं, तिथं उंदीर माजले होते. कांडी मोठी झाली तसे ते कमी झाले. हे खुशालदादालाही माहीत होतं. खुशालदादा म्हणजे आमचा जॉबर, खात्यातल्या बायकांवरचा मुकादम.

मी मिलच्या विंडिंग खात्यात होते. कातलेलं सूत बॉबिनवर येतं, ते बॉबिनवरून मोठ्या कोनवर चढवायचं, हे विंडिंगचं काम. दोरा तुटला की दोन टोकं पकडायची, गाठ मारायची, यंत्र पुढं चालू. एका बाईकडे यंत्राची एक साइड. उभ्यानं काम. बोलायची गरज पडत नाही, म्हणून मला ते काम आवडायचं. मला चार माणसांत बोलता येत नाही. आजही येत नाही.

आजार सोमवारी सुरू झाला. कांडीनं सकाळी दूध हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुपारी पांढरा फेस ओकली. मंगळवारी पिवळं पाणी. भूक नव्हती असं म्हणवत नाही, कारण वाटीपाशी ती पुन्हा पुन्हा जायची. वास घ्यायची, ओठ चाटायची, घोट गिळल्यासारखं करायची आणि मागं सरायची. मधेच पंजानं तोंड घासायची. हे मी पाहिलं होतं. पण त्यावरून काय समजायचं ते मला समजलं नाही.

शेजारच्या साइडला गोदाबाई होती. माझ्या आईच्या वयाची. ती म्हणाली, "शेवंते, हिनं पाल खाल्ली असन. हळद दे." हळद दिली. ओकली. मला उंदराच्या औषधाचा संशय आला. गोडाऊनच्या माणसाला गोदाबाईकडून विचारवलं. तो म्हणाला, पिठाजवळ औषध ठेवायची मनाई आहे, ठेवलंच नाही. जॉबरचं म्हणणं वेगळं होतं. तुम्ही बायका हिला डब्यातलं खाऊ घालता, लाडानं बिघडवलीत, असं तो तीन दिवस ऐकवत होता. एकदा तरी वाकून त्यानं मांजरीकडे पाहिलं का? नाही.

आणि मग ते पोतं आणि राजघाट.

मी पोतं घेतलं नाही. साइड बंद केली, कांडीला टोपलीत ठेवलं, वर पदराचा तुकडा बांधला आणि चालू लागले. मागून तो ओरडला की अर्धी हजेरी जाईल. गोदाबाईचा आवाज ऐकू आला, "जाऊ दे ना दादा, तिची साइड मी पाहते. तुमाले काय, मांजर चावली?" दोन-तीन बायका हसल्या. मी मागं पाहिलं नाही.

ढोरांचा दवाखाना मिलपासून बराच लांब. राज्यांची नवी वाटणी होऊन आमचा मुलूख त्याच साली नागपूरकडून भोपाळकडे गेला होता. दवाखान्यातले कागद बदलले होते, साहेब बदलले होते, आणि कोणाचं काय चालतं हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. नवे डॉक्टर इंदूरकडून बदलून आलेले. ते त्या दिवशी फोपनार गावी गेले होते, बैलांना टोचायला. दवाखान्यात एकटा कंपाउंडर होता. जुना माणूस, नागपूरच्या वेळचा.

त्यानं टोपलीवरचा पदरही उचलला नाही. विचारलं, "काय आहे?"

"मांजर," मी म्हटलं.

"बाई, हा सरकारी दवाखाना आहे. गाय, म्हैस, बैल, घोडा, बकरी. मांजराचा खानाच नाही रजिस्टरात. भोपाळहून हेच आलंय, मी काय करू? बकरी असती तर पाहिली असती." आणि स्वतःच हसला.

रजिस्टर टेबलावर उघडं होतं. मी चौथीपर्यंत शिकले आहे. उलट्या बाजूनंही वाचता येतं. बकरीच्या पुढं आणखी एक खाना होता आणि वर लिहिलं होतं, अन्य. अन्य म्हणजे इतर. ते मला दिसत होतं. त्यालाही माहीत असणार. मी बोट ठेवून म्हणायला हवं होतं की हे काय आहे मग. मी म्हटलं नाही. टोपली धरून मी नुसती उभी राहिले.

माझ्या उभं राहण्याचा त्याला कंटाळा आला. मोठ्या बाटलीतून शिशीत एरंडेल ओतलं आणि म्हणाला, पाज दोन चमचे, पोट साफ झालं की खाईल. किती वजनाच्या जनावराला दोन चमचे, हे त्यानं पाहिलं नव्हतं. तोंड उघडून पाहिलं नव्हतं. पोटाला हात लावला नव्हता.

घरी येऊन मी पाजलं. हे मी केलं. त्यानं सांगितलं आणि मी केलं. तासाभरात कांडी कण्हायला लागली. पाठ वर काढून बसायची, कुंथायची, होत काहीच नव्हतं. एवढंसं जनावर, आवाज मात्र माणसासारखा. 

सकाळी मी मिलला गेले नाही. दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसले. डॉक्टर सायकलवरून आले. उंच, काळसर माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मराठी समजायचे, बोलायचे हिंदी. कंपाउंडर मागून आलाच. "साहब, ये बिल्ली है. रजिस्टर में बिल्ली का खाना नहीं है."

तेव्हा मी उठले. टेबलापाशी गेले. रजिस्टर स्वतः उघडलं आणि अन्यवर बोट ठेवलं.  ते काढलं नाही.

डॉक्टरांनी बोटाकडे पाहिलं, मग कंपाउंडरकडे. "पढ़ लिया? लिख लो. और टेबल ख़ाली करो."

मला एकेक गोष्ट विचारली. कधीपासून, काय ओकते, तोंड घासते का. तोंड घासते म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. पोट दोन्ही हातांनी चाचपलं. म्हणाले, आतडी एका जागी गोळा झाल्यासारखी लागताहेत. मग मला कांडीचे पाय धरायला सांगितले. एका हातानं तिचा वरचा जबडा उचलला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा हनुवटीखालून वर दाबला. असं दाबलं की जीभ वर उचलली जाते आणि जिभेखालचं दिसतं. एरवी ते दिसत नाही.

जिभेच्या मुळाशी दोरा होता. मुळाला वेढा पडून मांसात रुतलेला. दोन्ही टोकं घशात गेलेली.

माझा हात आपोआप पुढं गेला. तुटलेला दोरा दिसला की पकडायचा, ही माझ्या बोटांची सवय.

"खींचना मत, बाई." त्यांनी माझं मनगट धरलं.

मग समजावून सांगितलं. दोरा एका बाजूनं जिभेला अडकलाय. दुसरी बाजू पोटातून आतड्यात गेलीय. आतडं आपलं काम करतं, दोरा पुढं ढकलायला बघतं, पण दोरा इथं बांधलेला, म्हणून आतडंच दोऱ्यावर चढत जातं. परकराची नाडी ओढल्यावर नेफा चुणून गोळा होतो ना, मला तसंच दिसलं. नाडी ओढली तर नेफा फाटतो. दोरा ओढला तर आतडं कापलं जातं. वर एरंडेलानं आतड्याला जोर लावला, म्हणजे नाडी आणखी ताणली. "किसने दिया?" त्यांनी विचारलं. मी कंपाउंडरकडे पाहिलं. तो औषधाच्या कपाटात काहीतरी शोधू लागला.

डॉक्टरांनी बारीक कात्रीनं जिभेखालचा वेढा कापला. कांडी ओरडली, थोडं रक्त आलं. कापलेला तुकडा त्यांनी ताटलीत ठेवला आणि विचारलं, हा दोरा आला कुठून?

दोरा गुलाबी होता.

इथपर्यंत एक गोष्ट मी लिहिली नाही, ती आता लिहिते. मिलमध्ये वेगवेगळ्या जाडीचं सूत मिसळू नये म्हणून त्याला कच्च्या रंगाची खूण देतात. त्या दिवसांत खात्यात गुलाबी खुणेचं सूत एकाच साइडला चालू होतं. माझ्या. तुटताना जो दोरा वाया जातो त्याला वेस्ट म्हणतात. प्रत्येकीचं वेस्ट रोज तोललं जायचं. जिचं जास्त, तिचं नाव खुशालदादा शनिवारी सुट्टीच्या वेळी दारात उभा राहून मोठ्यानं वाचायचा. नुसतं नाव नाही, वर जोड असायची. "शेवंताबाईनं या हप्त्यात वेस्टाचं लुगडं विणलं." सगळ्या खात्यासमोर, पुरुष ये-जा करत असताना. माझं नाव एकदा वाचलं होतं. त्या दिवशी मी घरी कशी पोचले ते मला आठवत नाही.

त्यानंतर मी वेस्ट लपवायला लागले. सगळ्याच लपवायच्या. थोडं वेस्टच्या पेटीत टाकायचं, बाकीचं इकडे तिकडे. माझी जागा होती यंत्राच्या टोकाशी ठेवलेलं गोणपाट. कांडी त्याच्यावर निजायची, म्हणून तिथं कोणी हात घालत नसे. डबा खाल्ल्यावर आम्ही हातही वेस्टानंच पुसायचो. आजाराच्या आधीच्या शुक्रवारी घरी तापीची मासळी आली होती, शनिवारी तीच माझ्या डब्यात. त्या हातांचं वेस्ट मी गोणपाटाखाली कोंबलं. मासळीच्या वासाचा दोऱ्याचा गोळा, मांजरीच्या अंथरुणात, माझ्या हातानं.

डॉक्टर वाट बघत होते. मी म्हटलं, "माझा आहे."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, इतक्या लहान जनावराचं पोट इथं उघडता येत नाही, तशी सोय नाही. वेढा सुटलाय, आता दोरा आपोआप खाली सरकला तर वाचेल. तीन दिवस. आतडं आधीच कापलं गेलं असेल तर नाही वाचणार. दूध बंद. कोमट भाताची पेज, किंचित मीठ घालून, एका वेळी दोन चमचे, दर तासाला. जबरदस्तीनं घशात ओतायची नाही, गालाच्या कडेनं सोडायची. कान गार पडले, पोट दगडासारखं झालं, तर लगेच आणायची. आणि मागून दोरा दिसला तरी ओढायचा नाही. बाहेरचा तेवढा कापायचा.

पहिल्या दिवशी तिनं पेज पोटात ठेवली, पण डोळे मिटून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी कान गार लागले. मी तिला पोटाशी धरून पदराखाली घेतलं आणि दवाखान्याकडे निघायला उठले, तेवढ्यात कान पुन्हा कोमट झाले. पुन्हा बसले. उठत-बसत दुपार गेली. मला सगळ्यांचा राग येत होता. जॉबरचा, कंपाउंडरचा, मासळी आणून देणाऱ्या भावाचासुद्धा. आणि तो फिरून माझ्यावरच यायचा.

तिसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर गोदाबाई आली. तेव्हाच कांडी कुंथत होती आणि शेपटीखाली दोऱ्याचं टोक दिसलं. गोदाबाई पुढं झाली. "अवं, निघाला, ओढ ना." तिनं चिमटीत धरलाही. मी तिच्या हातावर मारलं. आईच्या वयाच्या बाईच्या हातावर. तिनं हात मागं घेतला. मी कात्रीनं लोंबणारं टोक कापलं आणि आम्ही दोघी तिच्यापाशी बसून राहिलो. दिवे लागायच्या सुमाराला सगळा गोळा आपोआप बाहेर पडला. त्यात माझ्या हातच्या दोन गाठी होत्या.

कांडी उठली, चूल हुंगून आली आणि पेजेची वाटी चाटून साफ केली. मग आणखी मागायला लागली.

गोदाबाई हात चोळत म्हणाली, "मीबी तिथंच लपवते वं शेवंते. तुह्या गोणपाटाखाली." मग पदर डोळ्यांना लावला.

रविवारची सुट्टी झाली आणि सोमवारी मी मिलला गेले. खुशालदादानं खात्याच्या दारातच अडवलं. चार दिवसांचं ऐकवलं. मांजरासाठी खाडे करतेस, लाज नाही का. मग विचारलं, "मेली का?"

मी म्हटलं, "नाही मेली. वेस्ट खाल्लं होतं. माझं. मी तिच्या गोणपाटाखाली लपवलं होतं."

"लपवलं?"

"तुम्ही नाव वाचता म्हणून लपवलं."

त्यानं विचारलं, आणखी कोण लपवतं? मी म्हटलं, मला माझं माहीत आहे. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. एवढं बोलणं त्याच्याशी मी नोकरीत पहिल्यांदाच केलं. 

त्यातून काय निघालं, तर खुशालदादानं यंत्राखालचं सगळं गोणपाट जाळायला लावलं. नावं वाचणं बंद केलं नाही. बायका आता वेस्ट ओच्यात खोवून घरी नेतात आणि चुलीत घालतात. माझ्यामुळं लपवायची जागा गेली म्हणून दोघी-तिघी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. गोडाऊनमध्ये उंदीर वाढले तशी जॉबरनं मांजर परत मागितली. मी दिली नाही. ती घरी आहे, जाडी झाली आहे.

मांजर ओकत असेल, वाटीपाशी जाऊन मागं फिरत असेल, तोंड घासत असेल, तर हनुवटीखाली अंगठा दाबून जिभेखाली बघावं. दोरा दिसला तर ओढू नये. एरंडेल पाजू नये.

माझं सगळं वेस्ट मी आता पेटीत टाकते. बाकीच्या लपवतात, म्हणून दर शनिवारी माझंच जास्त भरतं. जॉबर माझं नाव पहिलं वाचतो, वर लुगड्याचं सांगतो, आणि मी दारात उभी राहून ऐकते.