वेणी सीतेची का द्रौपदीची

आमच्या मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सगळं घोडं अडायचं ते नावावर. बैल घ्यायला बाजारात गेले की लोक दात बघतात, खांदा बघतात. हे आधी नाव विचारायचे. एकदा चांगली दुभती म्हैस तिचं नाव 'चंडी' म्हणून सोडून आले आणि 'शांता' नावाची घेऊन आले. त्या शांतेनं पहिल्याच दिवशी आत्याबाईंना चरवीसकट आडवं केलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, भागूबाई. त्यांनी महिनाभर मामांचा उद्धार केला. तरी मामांचं म्हणणं एकच, नावाचा गुण लागतो, जरा दम धरा.

घरात रामायणाची पोथी होती, महाभारताची मात्र उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. भाऊबंदकी लागते म्हणे. धाकट्या दिरानं एकदा जेवताना द्रौपदीचं नाव काढलं, तर त्याला ताटावरून उठवायचंच बाकी ठेवलं.

माझं नाव राही. लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत, पण मामांनी भटजींना मध्येच थांबवलं. राही म्हणजे राहणारी, नावाला हात लावू नका, म्हणाले. माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं आणि पुढची चार वर्षं तरी शेवटचं. आमच्या पारनेरकडच्या त्या घरात सासरा सुनेशी बोलत नसे. ते खाकरून आत यायचे, मी पदर ओढून बाजूला व्हायची. काही सांगायचं झालं तर आत्याबाईंच्या मार्फत. बरं, आत्याबाई निरोप पोचवताना पदरचा मीठमसाला घालायच्या, ते वेगळंच.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली मला दिवस गेले. आधीचं एक सातव्यात गेलं होतं, माहेराहून एस्टीनं येताना. म्हणून या खेपेला नर्सबाईंनी दम भरला होता, एस्टीत पाय ठेवायचा नाही आणि पोटभर खायचं. खायचं कसलं? घास नुसता तोंडात फिरायचा. आमचे हे श्रीगोंद्याला साखर कारखान्यात, पंधरवड्यानं यायचे. आणि जीव ओढ घ्यायचा माहेराकडं, राजूरच्या पुढं डोंगरात. तिथं तरी कोण होतं? आई गेलेली, भाऊ मुंबईला, घराला कुलूप. सातवा लागला तशी मी वाळायला लागले. हेही हातचं जातं की काय, या भीतीनं आत्याबाई अर्ध्या झाल्या. त्यांनी विचारलं, कसले डोहाळे लागलेत बाई, चिंचा आणू का कैऱ्या? मी म्हटलं, मला सीतेची वेणी पाहिजे.

आमच्या माहेरच्या दारात आंबा होता. त्याच्या फांदीला धरून ती वाढायची, मातीबिती काही नको. वैशाख सरता सरता तिला गुलाबी-पांढऱ्या फुलांचा भरगच्च गजरा लोंबायचा, आयता ओवलेला. गावात कुणाचंही डोहाळजेवण असलं की आई तोच तिच्या केसांत माळायची. आई असती तर माझ्याही माळला असता. हे बोलता बोलता मला रडू फुटलं.

आत्याबाईंनी मामांना सांगितलं. नाव शुभ, मामा लगेच नगरला गेले. रोपं विकणाऱ्या माळ्यानं असली वेणी कधी ऐकली नव्हती. तिथं कॉलेजातले एक मास्तर गुलाब घ्यायला आले होते. ते म्हणाले, झाडावर वाढते म्हणजे ही आमरी, इंग्रजीत ऑर्किड, आणि शास्त्रातलं एक लांबलचक नावही सांगितलं. मामांच्या मते ते नाव नव्हतं, पडसं झालेल्या माणसाची शिंक होती. वर मास्तरांनीच विचारलं, आमऱ्या पुष्कळ, त्यातली कोणती? मामा काय सांगणार, कपाळ? माळी म्हणाला, झाडावर वाढतं ते बांडगूळ, तुमच्याच शेतात मिळेल. त्यावर मामा असे भडकले की मास्तरांना मध्ये पडावं लागलं. सुनेच्या केसांत बांडगूळ माळू का, म्हणाले. शेवटी माळ्यानं वेणीला चालतं म्हणून अबोलीचं रोप त्यांच्या गळ्यात मारलं. न बोलणाऱ्या सासऱ्यानं न बोलणाऱ्या सुनेला अबोली आणली. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं, आणि ते मामांनी पडवीतून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता त्यांनी राजूरची वाट धरली. परतले ते तिसऱ्या दिवशी, धुळीनं माखलेले, काखेत ओलं पोतं. आत्याबाईंच्या हाती देऊन म्हणाले, सीतेची वेणी हाय म्हनावं. मी पोतं उलगडलं. तीच. मुळ्या, जाड पानं आणि दोन गजरे, जरा चेंगरलेले पण तेच. मी भडभडून रडले आणि मग दोन भाकरी खाल्ल्या, पिठल्याबरोबर, कांदा फोडून. डोहाळजेवणाला आत्याबाईंनी एक गजरा माझ्या केसांत माळला. रोप मामांनी न्हाणीजवळच्या आंब्याला सुतळीनं बांधलं आणि रोज त्याच्याखालीच अंघोळ करू लागले.

श्रावणात मुलगी झाली. चांगली धडधाकट, आवाज असा की चार घरं जागी व्हावीत. बारशाला आत्याबाईंनी नाव ठरवून टाकलं होतं, सीता. नणंद पाळण्याशी वाकली, तेवढ्यात दारात खाकरणं ऐकू आलं. बायकांच्या घोळक्यात मामा आले होते. सगळ्यांनी पदर ओढले.

मग त्यांनी राजूरची हकीकत सांगितली. बाजारात दगडाबाई नावाची एक म्हातारी करवंदांशेजारी ती फुलं घेऊन बसली होती. मामांनी सीतेची वेणी मागितली, तर ती म्हणाली, ही द्रौपदीची वेणी. मामा दोन पावलं मागं सरले. बाजारभर विचारत फिरले. कुणी सीतेची म्हणे, कुणी द्रौपदीची, आणि बोट मात्र सगळे दगडाबाईकडंच दाखवीत. मामा तिला म्हणाले, तू एकदा सीतेची म्हण, मी घेतो. तिनं साफ नाकारलं. आईनं जे नाव सांगितलं ते विकण्यासाठी बदलायचं नाही, म्हणाली. मामा एस्टीत जाऊन बसले. पण त्यांना आमच्या लग्नात नाव बदलताना आपणच थांबवलेले भटजी आठवले, आणि अबोली बघून मला आलेलं हसू. गाडी सुटता सुटता ते उतरले.

"घरी मी नाव खोटं सांगितलं," मामा म्हणाले. "द्रौपदीच आली हुती घरात. आन् बघा, पोर कशी हाय. हिचं नाव द्रौपदी ठेवा."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. उद्या हिच्यापायी घरात महाभारत झालं म्हणजे, असं काहीसं पुटपुटल्या. मामांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. चार वर्षांत पहिल्यांदा ते सरळ माझ्याकडं बघून बोलले.

"हू दे की, राही. तितं भरल्या सभेत म्हातारी मान्सं गप बसली हुती. हिचा आजा गप बसनार न्हाई."